तिन्हीसांजेचा ताप

आमच्या गाडीला तिन्हीसांजेला ताप यायचा. दिवसभर ठणठणीत. सकाळी ऑफिस, दुपारी बँक, चारच्या सुमारास रंकाळ्यावरून घरी. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा या सगळ्या वेळात 'सी' आणि 'एच'च्या बरोबर मधे डुलकी काढत पडलेला असायचा. दिवेलागण झाली की हा उठून बसायचा. मग चढायचा. कधी पाऊण वाटेपर्यंत, कधी लाल पट्टीला टेकून परत. मधेच थरथरायचा. घरी पोचेपर्यंत माझ्या तळहातांना घाम फुटलेला असे, आणि बोनेटला हात लावावा तर ते रोजच्याइतकंच गरम.

गाडीचं नाव सांगत नाही. जुनी आहे, तिला तिची अब्रू आहे.

गाडीत काटे पुष्कळ असतात, पण झोप उडवतो तो हाच. वेगाचा काटा आपल्या पायाच्या हुकमात असतो, पेट्रोलचा आपल्या खिशाच्या. हा एकटाच मनाला येईल तसा चालतो, आणि चालला की खर्चाच्याच दिशेनं. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी निघाल्या आणि त्यांच्या डॅशबोर्डवर असला काटाच नव्हता. वाफ दिसली की गाडी गरम, नाही दिसली की चला. पुढं काही हौशी लोकांनी रेडिएटरच्या झाकणावरच थर्मामीटर बसवून घेतला आणि काचेतून त्याच्याकडं टक लावून बघत ते गाडी चालवू लागले. रस्त्याकडं कोण बघत होतं, देव जाणे.

त्यात आम्ही राहतो कोल्हापुरात. इथं गाडी बिघडली की ती तुमची एकट्याची राहत नाही. हे गाव ऑइल इंजिनांवर आणि फाउंड्र्यांवर वाढलेलं. उद्यमनगरात कधी लेथवर उभा राहिला नाही असा माणूस प्रत्येकाच्या नात्यात शोधावा लागतो. इंजिनाबद्दल ज्याला मत नाही तो परगावचा समजावा.

आमच्या शेजारचे काका फाउंड्रीतून फोरमन म्हणून रिटायर झालेत. मी खाली बोनेट उघडून उभा होतो. ते गॅलरीतून म्हणाले, "हेड गॅस्केट."

"काका, खाली येऊन बघता का जरा?"

"बघायचं काय त्यात? गॅस्केट गेलं की पाणी ऑइलमध्ये उतरतंय. ऑइलची दांडी काढ. दुधाच्या चहाचा रंग आला असला तर इंजिन खोलायचं."

दांडी काढली. ऑइल काळं होतं.

"काळं आहे, काका."

"मग अजून आला नाही रंग. येईल."

त्या दिवसापासून रोज सकाळी गॅलरीतून खणखणीत आवाजात प्रश्न येऊ लागला, "काय, आला का रंग?" आणि मी खालून ओरडायचो, "नाही, अजून काळेच!" आठवड्याभरात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई माझ्या केसांकडं निरखून बघायला लागल्या.

आमचा मेकॅनिक मात्र पद्धतशीर माणूस. जे सुटं होऊन येतं ते बदलायचं, ही त्याची पद्धत. "सेन्सर असणार, सायेब," म्हणाला. सेन्सर बदलला. संध्याकाळी काटा वर. "मग कुलंट." हिरवं कुलंट काढून लाल घातलं. संध्याकाळी काटा वर. खरी अडचण अशी होती की गाडी मी त्याला दाखवायला न्यायचो सकाळी, आणि सकाळी तिला काहीही झालेलं नसायचं. गॅरेजच्या दारात ती इतकी शहाण्यासारखी उभी राहायची की मेकॅनिक गाडीऐवजी माझ्याकडंच बघायचा.

"कवा होतंय म्हणता हे?"

"संध्याकाळी. सातनंतर."

"सातला गॅरेज बंद असतंय."

यावर काय बोलणार? ज्या वेळेला आजार आहे त्या वेळेला दवाखाना नाही, आणि दवाखाना आहे तेव्हा आजार नाही.

सासूबाईंचं निदान पहिल्या दिवशीच झालं होतं. "तिन्हीसांजेला गाडी बाहेर काढू नका. बाधतं."

"आई, इंजिनाला तिन्हीसांज कळत नाही हो."

"कळत नाही, तर मग तेव्हाच कसं होतं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी हसलो. शिकलेला माणूस अशा वेळी हसतो. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मीठ-मोहऱ्या आणल्या, बोनेटवरून ओवाळल्या आणि रस्त्याच्या पलीकडं टाकल्या. गॅलरीतून काकांनी विचारलं, "गॅस्केट बदललं का?"

मे महिन्यात सासूबाईंना पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं होतं आणि मला हापूसचं. दोन्ही एकाच वाटेवर. जाताना सकाळ, घाटाचा उतार, काटा गुणी. येताना डिकीत आंब्याच्या पेट्या, मागच्या सीटवर सासूबाई आणि आमची कन्या, पुढं सौ. साखरपा सोडलं तेव्हा दिवस बुडाला होता. आंबा घाट सुरू झाला, पहिल्या वळणावर मी दिवे लावले आणि काटा निघाला.

आता घाट चढताना इंजिन तापतं हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. आमच्या लहानपणी घाटात दर थोड्या अंतरावर एखादी गाडी तोंड वासून वाफ सोडत उभी असायची आणि शेजारी एक घरमालक हातात रिकामी बाटली घेऊन झरा शोधत असायचा. त्यामुळं यावेळी संशयाला जागाच नव्हती. मी एसी बंद केला. काटा किंचित खाली आला.

"बघितलंस?" मी सौ.ला म्हणालो. "इंजिनावरचा लोड कमी झाला."

पुढच्या चढावर तो पुन्हा सरकल्यासारखा वाटला. तेव्हा मला कुठंतरी वाचलेलं आठवलं की इंजिन तापलं तर हीटर लावावा. हे खरं आहे, थट्टा नाही. हीटर म्हणजे डॅशबोर्डामागं दडवलेला एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता घेऊन तो तुमच्या तोंडावर सोडतो आणि तेवढीच इंजिनाची सुटका. मी नॉब लाल टोकापर्यंत फिरवला आणि ब्लोअर चारवर टाकला.

"अहो, हे काय?"

"इंजिन वाचवतोय."

"आणि आम्हाला?"

काटा आणखी वर गेला. याचा अर्थ एकच होता: इंजिन हाताबाहेर चाललंय आणि आमचा त्याग कमी पडतोय. मी पायाकडची हवा आणि तोंडाकडची हवा दोन्ही चालू केली. कन्या म्हणाली, "बाबा, माझी चप्पल गरम झाली." सासूबाईंनी पदरानं वारा घेत रामरक्षा सुरू केली होती. ती संपली तेव्हा काटा 'एच'च्या डोक्यावर बसला होता आणि गाडीभर आंब्याचा घमघमाट सुटला होता.

गाडी बाजूला घेतली. सगळं बंद केलं. बाहेर मे महिन्याची कोकणातली घामट हवा होती, पण उतरल्या उतरल्या सगळ्यांना महाबळेश्वरला आल्यासारखं वाटलं. बोनेट उघडलं आणि बारशाला पाळण्याभोवती बायका जमाव्यात तशी त्याच्याभोवती माणसं जमली. ही माणसं निर्मनुष्य घाटात येतात कुठून हे मला आजतागायत कळलेलं नाही. एक ट्रक ड्रायव्हर, दोघे मोटरसायकलवाले आणि एक गृहस्थ तर नुसतेच, वाहनाशिवाय.

"पाणी मारा इंजिनावर," एक जण म्हणाला.

"खुळा हायेस काय? ब्लॉक तडकंल."

"आमच्या मामाच्या गाडीवर मारलं हुतं."

"मग?"

"तडकला."

तेवढ्यात त्या वाहनहीन गृहस्थांनी कुणालाही न विचारता गळ्यातला टॉवेल रेडिएटरच्या झाकणावर टाकला आणि पिळलं. फस्सकन लाल पाण्याचा फवारा उडाला, मंडळी विजयी मुद्रेनं मागं सरली आणि सगळे एका सुरात म्हणाले, "बघा! उकळतंय!" आता घाट चढून आलेल्या कुठल्याही गाडीचं झाकण असं उघडलं तर पाणी उसळणारच. ते आत दाबाखाली कोंडलेलं असतं आणि झाकण निघालं की वाट फुटेल तिकडं धावतं. म्हणून तर 'गरम असताना उघडू नये' असं झाकणावरच छापलेलं असतं. फक्त ते वाचायला फार जवळ जावं लागतं. गृहस्थांना टॉवेलामुळं काही झालं नाही. फवारा माझ्या शर्टावर आला होता.

अर्ध्या तासानं गाडी चालू केली. काटा मधे. "थंड झालं," ट्रक ड्रायव्हर म्हणाला. आम्ही निघालो, दिवे लावले, काटा वर. पुन्हा हीटर. पुन्हा रामरक्षा. आंबा गाव, मलकापूर, बांबवडे अशी ती वरात मजल दरमजल करत, थांबत, घाम पुसत घरी पोचली तेव्हा कोल्हापूर झोपलं होतं. पेट्या उघडल्या तर वरचा थर खाण्याजोगा झाला होता. बागायतदारानं आठ दिवस सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून कोरोनाच्या काळातली ती कपाळावर रोखायची तापाची बंदूक काढली आणि चालू इंजिनावर धरली. माणसाच्या तापाच्या पलीकडं तिची झेप नसते. पडद्यावर नुसतं 'हाय' उमटलं. यंत्रानंसुद्धा हाय खाल्ली म्हणायची.

मेकॅनिकला घाटाची हकिकत सांगितली तशी त्याची मुद्रा उजळली. आता रोगाला साक्षीदार होते. "थर्मोस्टॅट," तो म्हणाला आणि ते काढून त्यानं डब्यात टाकलं.

"नवीन घालणार ना?"

"कशाला? बर्फातल्या देशाचं सामान हाय ते. आपल्या हवेला लागत न्हाई." शिवाय त्यानं रेडिएटरचा फॅन डायरेक्ट केला. म्हणजे किल्ली फिरवली की फॅन सुरू. इंजिन गार असो, गरम असो, फॅन फिरतोय. आपल्याकडं कितीतरी गाड्या अशा डायरेक्ट केलेल्या फिरतात. ज्या वस्तूला काही निर्णय घ्यायचा असतो, तिचा तो अधिकार काढून घेतला की बिघाड संपला, अशी गॅरेजातली पक्की समजूत आहे.

त्यानंतर काट्यानं नवीन वळण घेतलं. दिवसा तो 'सी'वर लोळण घेऊन पडायचा आणि दिवेलागण झाली की उठून बरोबर मधोमध येऊन थांबायचा. रात्री गाडी इतकी निरोगी दिसायची की कुणा पाहुण्याला दाखवायची झाली तर आम्ही जेवणानंतर दाखवू लागलो. पेट्रोल मात्र ती जास्त पिऊ लागली. काकांनी गॅलरीतून नवीन निदान दिलं, "दिवसा थंड पडते? संपलं मग. जाताना थंडच पडतंय माणूस."

"विकून टाका, दाजी," माझा मेहुणा म्हणाला. त्यानं नुकतीच नवी गाडी घेतली होती. नवी गाडी घेतलेल्या माणसाला जगातल्या सगळ्या समस्यांवर हा एकच उपाय सुचतो.

शेवटी कुणीतरी शाहूपुरीतल्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याकडं पाठवलं. दुकान म्हणजे एक स्टूल, एक टेस्ट लॅम्प आणि भिंतीवर लटकलेल्या वायरींचं जंगल. त्यानं बोनेटकडं ढुंकूनही पाहिलं नाही. आत बसला, किल्ली फिरवली आणि म्हणाला, "सांगा आता."

मी घाटापासून सुरुवात केली. त्यानं ऐकता ऐकता सहज इंडिकेटर लावला. टिक, टिक, टिक. आणि काटा त्याच तालावर नाचायला लागला! माझं आख्यान तिथंच बंद पडलं. त्यानं दिवे लावले, काटा वर. ब्लोअर चारवर टाकला, काटा थेट आभाळात. सगळं बंद, काटा 'सी'वर. इंजिन अजून चालूसुद्धा नव्हतं.

"ही तापती कुठं हो?" तो म्हणाला. "हिला वाट मिळंना झालीया."

मग त्यानं इंजिनाकडं जाऊन सेन्सरची वायर काढली. काटा 'सी'लाच. वायर बॉडीला टेकवली, काटा सरळ 'एच'ला. त्यानं समजावलं ते असं: सेन्सर जसा तापतो तसा त्याचा विरोध कमी होतो, करंट जास्त जातो, काटा चढतो. त्यात बिघाड काही नाही. पण डॅशबोर्डवरच्या मीटरचा, दिव्यांचा आणि ब्लोअरचा परतीचा रस्ता, म्हणजे अर्थ, आमच्या गाडीत एकाच बोल्टाखाली होता. मागं कुणीतरी म्युझिक सिस्टिम बसवताना आपली काळी वायरही त्याच बोल्टाखाली कोंबली होती आणि तो नीट आवळायचं राहून गेलं होतं. वर कोल्हापूरचा पाऊस आणि गंज. दिवे लावले की त्यांच्या करंटाला घरी जायला धड रस्ता नाही. मग ते मीटरला धक्के मारत जाणार, आणि मीटरला वाटणार इंजिन तापलं.

"आणि ब्लोअर?" मी हळूच विचारलं.

"त्यो तर दिव्यांचा बाप. चारवर टाकला की काटा तुटायचाच बाकी."

आंबा घाटातलं एकेक वळण माझ्या डोळ्यांपुढून गेलं. जितका हीटर तितका काटा वर, जितका काटा वर तितका हीटर. वायरिंगवाल्यानं बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं घासून लख्ख केला, खालचा पत्राही घासला, म्युझिकची वायर वेगळ्या ठिकाणी नेली आणि बोल्ट आवळला. घरी जाऊन मी सगळ्यांना हे आकृतीसकट समजावून सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दिवे लावले की व्हायचं."

"हो."

"म्हणजे तिन्हीसांजेलाच."

आता काटा खरं बोलू लागला आणि खरं असं होतं की गाडी कायमची गारठलेली होती. काटा 'सी' सोडेना. थर्मोस्टॅट बर्फातल्या देशाचं नव्हतंच. त्याच्यात मेणाची एक कुपी असते. साधारण ८२ अंशांच्या आसपास ते मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडतं. तोवर वाट बंद, म्हणजे इंजिन लवकर तापून कामाला लागतं. वाट कायमची उघडीच ठेवली की इंजिन थंड राहतं, त्याला वाटतं अजून सकाळच आहे, आणि ते जास्तीचं पेट्रोल मागत राहतं. मेकॅनिककडं गेलो. जुनं थर्मोस्टॅट भंगारात गेलेलं. नवीन बसवताना तो म्हणाला, "मी सांगतच हुतो, हे पाहिजे." फॅनलाही त्याचा अधिकार परत मिळाला. काटा मधे येऊन स्थिरावला आणि पावसाळा सुरू झाला.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मेहुणा एके दिवशी आपल्या नव्या गाडीत मला घेऊन हिंडवत म्हणाला, "बघा दाजी, घेतल्यापासून काटा केसभर हललेला नाही. याला म्हणतात इंजिनिअरिंग."

त्याला सांगितलं की तो हलत नाही कारण त्याला हलू देत नाहीत. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन ८० अंशांवर असो नाहीतर १०० वर, काटा मधेच धरून ठेवलेला असतो. प्रकरण फारच हाताबाहेर गेलं तरच तो सोडतात. काटा जरा हलला की माणसं सर्व्हिस सेंटरला येऊन बसायची, म्हणून कंपन्यांनी ही सोय केली. काही गाड्यांत तर काटाच काढून टाकलाय, एक निळा दिवा आणि एक लाल.

"काहीतरीच!"

मग मी एक छोटं यंत्र मागवलं. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात ते खोचायचं. इंजिनाचं खरं तापमान मोबाइलवर आकड्यांत दिसतं. मेहुण्याच्या गाडीत ते लावलं. ८८. सिग्नलला ९४, ९६, ९७. फॅन लागला, ९१. पुन्हा ९५. डॅशबोर्डवरचा काटा ढिम्म. मेहुण्यानं काट्याकडं पाहिलं, मोबाइलकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. मी ते यंत्र परत मागितलं तर म्हणाला, "राहू द्या दोन दिवस माझ्याकडं."

त्या रविवारी तो सासूबाईंना घेऊन पुण्याहून यायला निघाला होता. खंबाटकी घाटातून फोन आला. मोबाइल स्पीकरवर होता, मागं ब्लोअरचा आणि टायरांचा आवाज.

"दाजी, ९८!"

"चालतं. घाट आहे."

"९९ झालं! पाणी १०० ला उकळतं ना?"

"ते पातेल्यातलं. तुझ्या रेडिएटरमध्ये निम्मं ग्लायकॉल आहे, वर दाबाचं झाकण आहे, १२० च्या पुढं गेल्याशिवाय..."

"१००! दाजी, १०० झालं! लवकर सांगा, काय करू?"

मी तोंड उघडणार एवढ्यात मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज आला. "त्यांना काय विचारतोस? ते हीटर लावायला सांगतील."